४ लिटरचे डिस्टिलर मध्येच बंद पडते : हीटर गेला की क्षार चढला?

घागर :
पाणी उकळून, वाफ थंड करून डिस्टिल्ड पाणी काढणारे मशीन. टेबलावर ठेवायचे, स्टीलचे, ४ लिटरचे. २३० व्होल्ट, ७५० वॅट, झाकणात पंखा आणि कॉइल. पाणी बोअरचे, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९४०, एकूण काठिण्य ५२० मिलिग्रॅम प्रति लिटर. वापर दाताच्या दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हसाठी (वाफेने हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र). शेवटची नीट सफाई झाल्यापासून साधारण ३० खेपा निघाल्या आहेत. मधल्या काळात आतून फक्त घासणीने धुतले जाते.

लक्षणे :
– पूर्वी पूर्ण खेप ४ तास १५ मिनिटांत व्हायची. आता सुमारे ७० मिनिटांनी मशीन बंद पडते, आत सव्वातीन लिटर पाणी तसेच राहते.
– अर्ध्या तासाने खालचे लाल बटण दाबले की पुन्हा सुरू होते, पण २०-२५ मिनिटेच चालते.
– पंखा व्यवस्थित फिरतो.
– निघालेल्या पाण्याचा टीडीएस २ होता, तो आता ११ दाखवतो.
– प्लग काढून हीटरच्या टोकांवर मीटर लावला, ७१ ओहम आले.

दुरुस्तीवाले म्हणतात हीटर गेला, खालचे भांडे पूर्ण बदला. त्याची किंमत जवळजवळ नव्या मशीनइतकी आहे. आधी काय तपासावे?

वाफारा :
भांडे बदलू नका. हीटर चांगला आहे आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. २३० चा वर्ग भागिले ७५० म्हणजे ७०.५ ओहम. तुम्हाला ७१ मिळाले. हीटर जातो तेव्हा तार तुटून मीटरवर काहीच येत नाही, किंवा इन्सुलेशन खराब होऊन बॉडीला करंट येतो. ‘थोडासा गेलेला, थोडा वेळ चालणारा’ हीटर क्वचितच असतो.

या मशीनमध्ये पाण्याची पातळी बघणारे काहीही नसते. तळाखाली एक चपटा थर्मोस्टॅट दाबून बसवलेला असतो. आत पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या थोडा वर राहतो. पाणी संपले की तळ झपाट्याने तापतो, थर्मोस्टॅटमधली द्विधातूची चकती उलटी वळते आणि पुरवठा तुटतो. म्हणजे मशीनला ‘पाणी संपले’ हे फक्त तळाच्या तापमानावरून कळते. पाणी असतानाच तळ तापला, तरी त्याला पाणी संपले असेच वाटणार.

आता क्षाराचा हिशेब. तळाचा व्यास १६ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. त्यातून ७५० वॅट जातात, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३७,००० वॅट. क्षाराच्या थराची उष्णतावाहकता ढोबळमानाने १ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली, तर एक मिलिमीटर थरामुळे तळ सुमारे ३७ अंशांनी जास्त तापतो. पाणी १०० वर, तळ १४० च्या आसपास. थर्मोस्टॅट पडायला एवढे पुरते.

आणि ७० मिनिटांनीच का? ४ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायलाच अर्धा तास लागतो. त्यानंतर तळ, हीटरची पट्टी आणि थर्मोस्टॅटची बॉडी हळूहळू पूर्ण तापतात. दुसऱ्यांदा सगळे आधीच गरम असते, म्हणून २०-२५ मिनिटांत पडते. लक्षणे तंतोतंत जुळतात.

तांब्याची_तार :
वाफारा यांच्याशी सहमत. पण थर्मोस्टॅट सोडून देऊ नका. त्याच्या दोन स्क्रूंपैकी एक सैल असेल किंवा त्याच्याखालची पांढरी पेस्ट वाळून भुकटी झाली असेल, तर तो मध्येच पडत नाही, उलट उशिरा पडतो. हे जास्त धोक्याचे, कारण मग तळ कोरडा भाजतो आणि मागचा थर्मल फ्यूज (जास्त तापले की कायमचा तुटणारा) उडतो. तुमचा लवकर पडतो आहे, म्हणजे एकतर खरोखर उष्णता आहे, नाहीतर चकती थकली आहे. आधी क्षार काढा. स्वच्छ तळावरही ७० मिनिटांतच पडला तर थर्मोस्टॅट बदला. त्याच्या बॉडीवर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात, तोच आकडा घ्या. मधे बटण असलेलाच हवा. आपोआप पुन्हा चालू होणारा बसवला, तर पाणी संपल्यावर मशीन रात्रभर चालू-बंद होत तळ भाजत राहील.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे मिळतात. जुना तुकडा हातात घेऊन जा, नुसता नंबर सांगून आणू नका. स्क्रूच्या पट्टीतले अंतर वेगळे निघते.

घागर :
तळावर नखाने खरवडले तर वरचा थर पांढरा, भुसभुशीत आहे. मधोमध ताटलीएवढ्या भागात राखाडी, घट्ट, चिनीमातीसारखा थर आहे. किती लिंबूसत्व घालू?

वाफारा :
तेही हिशेबानेच घालू. ५२० मिलिग्रॅम काठिण्य, ४ लिटर, म्हणजे दर खेपेला सुमारे २ ग्रॅम क्षार. ३० खेपांचे ६० ग्रॅमच्या पुढे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला किराणा दुकानातले साधारण १४० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागते. म्हणजे तुम्हाला किमान ८५-९० ग्रॅम हवे. चिमूटभर लिंबूसत्व किंवा दोन लिंबे पिळून काहीच का होत नाही, ते यावरून लक्षात येईल.

कृती अशी. भांड्यात दीड लिटर साधे पाणी, त्यात ७५ ग्रॅम लिंबूसत्व. झाकण बाजूला ठेवा, पंख्याची छोटी वायर काढून ठेवा. मशीन पाच मिनिटे चालवा, पाणी ६० अंशांच्या आसपास येईल. बंद करा, प्लग काढा, दोन तास तसेच ठेवा. फेस येणे थांबले की ओतून द्या. दुसऱ्यांदा पुन्हा ७५ ग्रॅमचे ताजे पाणी.

उकळू नका. कॅल्शियम सायट्रेट थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळते. खळखळ उकळले की तेच पिठासारखे तळाला बसते आणि लोकांना वाटते क्षार सुटलाच नाही. तसा पांढरा गाळ दिसला तर तो ओतून ताजे द्रावण घाला. एकाच द्रावणात २०० ग्रॅम ओतण्यापेक्षा दोनदा बदललेले चांगले.

धुताना भांडे पाण्यात बुडवायचे नाही. खाली वायरिंग आहे.

सातू :
इतका खटाटोप कशाला? संडास साफ करायचे अ‍ॅसिड अर्धा कप घातले तर दहा मिनिटांत तळ चकाचक होतो.

रसायनप्रेमी :
सातू, कृपया हे करू नका, आणि कुणालाही सुचवू नका. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. क्लोराइडमुळे ३०४ जातीच्या स्टीलवरचा संरक्षक थर सुईच्या टोकाएवढ्या जागी फुटतो आणि तिथे खोल खड्डा पडत जातो. वरून भांडे चकचकीतच दिसते. पुढे त्याच खड्ड्यातून पाणी खाली हीटरपर्यंत झिरपते, आणि भांडे धातूचे आहे. ब्लीचिंगचे द्रावणही याच कारणाने नको. व्हिनेगर चालते, पण बाजारातले व्हिनेगर ४ ते ६ टक्क्यांचे असते. तेवढाच क्षार काढायला दीड-दोन लिटर लागेल आणि वास पुढच्या दोन खेपांत राहील.

घागर, तुमचा राखाडी थर लिंबूसत्वाने जाणार नाही असे वाटते. त्यावर दोन थेंब द्रावण टाकून बघा. बुडबुडे आले नाहीत तर तो कार्बोनेट नाही. कॅल्शियम सल्फेट किंवा सिलिका असावे. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच, आणि भांडे दरवेळी कोरडे होईपर्यंत चालवले की ती तळावर भाजून बसते.

सातू :
समजले. प्रतिसाद मागे घेतो.

घागर :
दोन्ही वेळा केले. भिंती आणि कडा एकदम स्वच्छ. मधला राखाडी थर तसाच, बुडबुडे शून्य. चालवून पाहिले : आता १ तास ५० मिनिटांनी पडले. सुधारणा आहे, पण पूर्ण नाही.

रसायनप्रेमी :
म्हणजे सल्फेट असण्याची शक्यता मोठी. त्याला दोन टप्प्यांत काढावे लागते. धुण्याचा सोडा घ्या. खायचा सोडा नाही, कारण उकळताना त्याचे प्रमाण आणि फेस दोन्ही सांभाळावे लागतात. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, दीड तास मंद उकळी. मशीन सलग चालवू नका. दहा मिनिटे चालू, दहा बंद असे करा आणि आटेल तसे पाणी घालत राहा. सोड्यातला कार्बोनेट सल्फेटची जागा घेतो, कठीण थर हळूहळू भुसभुशीत कार्बोनेटमध्ये बदलतो.

मग तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. सोडा राहिला आणि वर लिंबूसत्व पडले, तर फेस काठावरून बाहेर येईल आणि खालच्या सॉकेटमध्ये जाईल. धुऊन झाल्यावर पुन्हा ७५ ग्रॅमचे लिंबूसत्व, वर सांगितल्याप्रमाणे. थर जाड असेल तर हे चक्र दोनदा.

सोड्याचे पाणी झाकणातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, ते अ‍ॅल्युमिनियम खाते. हातमोजे वापरा. उरलेल्यातला जो भाग याही उपायाने हलणार नाही तो सिलिका समजा. लाकडी उलथन्याने जेवढा निघेल तेवढा काढा. स्टीलची घासणी किंवा सुरी नको, ओरखड्यात पुढचा थर जास्त घट्ट धरतो.

तांब्याची_तार :
हे सुरू आहे तोवर टीडीएसचे बघू. ११ हा आकडा तुमच्या कामासाठी खरोखर वाईट आहे. बऱ्याच ऑटोक्लेव्हच्या पुस्तिकांत पाण्याची विद्युतवाहकता १५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत मागतात. साधे टीडीएस मीटर वाहकतेचा साधारण निम्मा आकडा दाखवतात, म्हणजे ११ म्हणजे २२ मायक्रोसीमेन्स. ऑटोक्लेव्हच्या वाफेच्या भांड्यातही मग हाच क्षार बसणार.

डिस्टिलरमधून क्षार येतो तो वाफेबरोबर नाही, थेंबांबरोबर. कारणे या क्रमाने तपासा :

पहिले, कोळशाची पुडी, म्हणजे पाणी पडते त्या तोंडाशी बसवायची कार्बनची गाळणी. ती काढून, नळीतून थेट पडणारे पाणी स्वच्छ पेल्यात घेऊन मोजा. नवी पुडी न धुता लावली की सुरुवातीला टीडीएस वाढतोच. ऑटोक्लेव्ह आणि इन्व्हर्टर बॅटरी या दोन्हींसाठी पुडी मुळात लावूच नये. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळे भारतीय मानक आहे, तिथे कोळशाची काहीच गरज नाही.

दुसरे, भरण्याची रेघ. रेघेच्या वर दोन बोटे पाणी असेल तर उकळताना उडालेले थेंब सरळ कॉइलच्या तोंडात जातात.

तिसरे, फेस. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले तर उकळी येताना ते फुटते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाणी दुधासारखे फुगते. भांडे घासायला वापरलेल्या साबणाचा अंश राहिला तर त्याहून वाईट. उपाय म्हणजे साडेतीन लिटरच भरा आणि पहिले १५० मिलिलिटर टाकून द्या. पाण्यात क्लोरीन किंवा अमोनिया असेल तर तेही याच पहिल्या भागात जास्त येते.

चौथे, कॉइल. थेंब उडून कॉइलच्या तोंडाशी पांढरा थर बसला असेल तर झाकण उलटे धरा, वाफेच्या भोकातून लिंबूसत्वाचे सौम्य द्रावण (लिटरला २० ग्रॅम) भरा. खालचे तोंड रबरी बुचाने अर्धा तास बंद ठेवा, मग ओतून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. पंख्यात एक थेंबही जाता कामा नये. बूच काढायला विसरू नका. वाफेचा मार्ग बंद असताना मशीन चालवणे म्हणजे सुरक्षा झडप नसलेला कुकर.

मोजताना पाणी खोलीच्या तापमानाला आणा. आणि शून्यच हवा असा हट्ट नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून शुद्ध डिस्टिल्ड पाणीही १-२ दाखवते आणि थोडे आम्लधर्मी होते.

कोकणकडा७ :
इथेच विचारतो. तसेच मशीन, पावसाळ्याचे चार महिने बंद होते. आता चालू केले की दोन मिनिटांत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडते. एमसीबी पडत नाही. हीटर ७२ ओहम. इलेक्ट्रिशियन म्हणतो अर्थिंगची वायर काढा, म्हणजे पडणार नाही.

तांब्याची_तार :
अर्थिंग अजिबात काढू नका. आरसीसीबी पडते आहे कारण बॉडीला करंट येतो आहे. वायर काढली तर तो करंट स्टीलच्या भांड्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

नळीसारख्या हीटरच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती हवेतला ओलावा धरते. टोकाचे सील जुने झाले की कोकणातल्या दमट हवेत चार महिने पुष्कळ होतात. ७२ ओहम म्हणजे तार शाबूत आहे. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर) हीटरचे टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. थंड स्थितीत १ मेगाओहमच्या वर हवे. साध्या मल्टिमीटरवर हे नीट कळत नाही.

वाळवायची पद्धत : तळाचे झाकण काढा, भांडे उपडे ठेवा, आत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लटकवून सहा-आठ तास लावून ठेवा. बल्ब प्लॅस्टिकला टेकू नये आणि जवळ माणूस असावा. गार झाल्यावर पुन्हा मेगर. आकडा वाढला तर ओलावाच होता. तसाच राहिला तर हीटर बदला, तिथे दुसरा उपाय नाही. शिवाय प्लगची अर्थ पिन ते स्टीलची बॉडी हेही मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून अर्ध्या ओहमच्या आत यायला हवे.

मिरजकर_साखर :
अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले १२० व्होल्टचे मशीन आहे. अ‍ॅडॉप्टर लावून चालेल का?

वाफारा :
फक्त पिना बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावला तर थर्मल फ्यूज जाईल, आणि तो गेला नाही तर त्याहून वाईट. ७५० वॅटच्या १२० व्होल्ट हीटरचा रोध १९ ओहम असतो. २३० व्होल्टवर तो २,७०० वॅटहून जास्त ओढतो. किमान १००० व्हीएचा, शक्यतो १५०० चा, लोखंडी गाभ्याचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासात वापरायचे हलके कन्व्हर्टर याला चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट ट्रान्सफॉर्मर बदलू शकत नाही : तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०. पंखा एसी मोटरचा असेल तर तो सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरेल, पाणी जास्त कोमट पडेल, थोडी वाफ बाहेर जाईल. भिंतीपासून एक वीत अंतर ठेवा, उन्हाळ्यात बंद कपाटात नको.

ज्यांच्या मशीनच्या तोंडातून पाण्याऐवजी वाफच येते त्यांनीही पंखाच बघावा. आधी भांडे आणि झाकण यांच्यामधली छोटी वायर घट्ट बसली आहे का ते पाहा, ती अर्धवट निघालेली असते. मग प्लग काढून पाती हाताने फिरवा. जड फिरत असतील तर बुशात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घाला, काही आठवडे निघतात. नवा घेताना लांबी, रुंदी, जाडी आणि व्होल्टेज मोजून घ्या. वाऱ्याची दिशा उलटी बसवू नका, चौकटीवर बाण असतो.

गावाकडचा :
आमच्याकडे मशीन पूर्ण मेले होते. पंखा नाही, हीटर नाही. दुरुस्तीत थर्मल फ्यूज काढून वायर थेट जोडली आहे. आता छान चालते. काही अडचण?

तांब्याची_तार :
आजच बंद करा. थर्मोस्टॅटचे संपर्क एखाद्या दिवशी चिकटले तर आता मधे काहीच नाही. ७५० वॅटचा तळ कोरडा, वर प्लॅस्टिकचे झाकण, आणि ही मशीन लोक रात्री लावून झोपतात.

फ्यूज स्वस्त असतो. त्याच्यावर छापलेले तापमान आणि १० अँपिअर, २५० व्होल्ट बघून तोच घ्या. डाग देऊन जोडू नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडतो आणि मग लोक म्हणतात फ्यूज खराब निघाला. थिंबल (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी) दाबून जोडा, वर काचेच्या धाग्याची नळी चढवा, आणि फ्यूज पूर्वीच्याच जागी तळाला टेकवून क्लिपमध्ये बसवा. हवेत लोंबकळता ठेवला तर त्याला उष्णता कळणारच नाही.

आणि तो का उडाला ते शोधा. थर्मोस्टॅट सैल होता, की पेस्ट वाळली होती? तेवढे न बघता फ्यूज बदलला तर महिन्याभरात पुन्हा जाईल.

घागर :
सोडा एकदा, लिंबूसत्व एकदा, असे दोन चक्रे केली. राखाडी थर दुसऱ्या चक्रात पापुद्र्यांनी सुटला, रुपयाएवढा डाग उरला आहे. थर्मोस्टॅटचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. पेस्ट वाळली होती, पुसून नवी पातळ लावली. साडेतीन लिटर भरून चालवले : न थांबता पूर्ण, ३ तास ४५ मिनिटे. कोळशाची पुडी न लावता टीडीएस २. पुडी लावून ६, म्हणजे जुनी पुडीच निम्मे कारण होती.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून किती खेपांनी धुवायचे?

वाफारा :
तुमच्या पाण्याला दर पाच खेपांनी. पाच खेपांचे १० ग्रॅम, त्याला २५ ग्रॅम लिंबूसत्व भरपूर झाले, अर्ध्या तासात काम होते. नळाचे पाणी काठिण्य १०० च्या आसपास असेल त्यांना २५ खेपांनीही चालेल. पाण्याचा आरओ असेल तर त्याचे पाणी डिस्टिलरला घाला, क्षार फारच कमी बसेल.

रसायनप्रेमी :
याहून जास्त उपयोगी सवय म्हणजे भांडे कोरडे होऊ न देणे. शेवटचे ३०० मिलिलिटर राहिले की बंद करा आणि कोमट असतानाच ओतून द्या. बराचसा क्षार त्या गढूळ पाण्यातच निघून जातो, आणि सल्फेट व सिलिका भाजून बसत नाहीत. थर्मोस्टॅटही दररोज पडत नाही, त्याचे आयुष्य वाढते. लाल बटणाचा थर्मोस्टॅट हा रोजच्या बंद करण्यासाठी नाहीच.

घागर :
टायमर लावला तर चालेल? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २१० पर्यंत उतरते.

वाफारा :
चालेल. ७५० वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर, १६ अँपिअरचा साधा फिरवायचा टायमर पुरतो. तुमच्या साडेतीन लिटरला ३ तास २५ मिनिटे लावा. २१० व्होल्टला शक्ती ६२५ वॅटवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते, आणि तीच खेप साडेचार तासांची होते. त्या दिवशी टायमरने आधी बंद केले तर आत लिटरभर पाणी उरेल. नुकसान काही नाही, उरलेले ओतून द्या.